नव्वद कोटींत एक जास्तीचा ठोका: रिंग लेसरने व्यापक सापेक्षता तपासता येईल का?

गेल्या महिन्यात एका कॉलेजात लेसर-मापनावर बोलून जिना उतरत होतो, तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने गाठलं. तिचा प्रश्न असा होता: "सर, फिरणारी पृथ्वी आजूबाजूचा अवकाश-काळ थोडासा आपल्याबरोबर ओढते, हे तपासायला ग्रॅव्हिटी प्रोब बी हा उपग्रह सोडावा लागला. आता म्हणतात, जमिनीवरच्या रिंग लेसरनेही ते जमेल. खरंच जमेल का? आणि पुण्याच्या आसपास असं काही उभं राहू शकेल का?" जिन्यातच मी काहीतरी सांगितलं, पण ते अर्धवट होतं. आज सविस्तर लिहितो.

जमेल, असं माझं मत आहे. अजून कुणाला जमलेलं नाही. आणि अडचण जिथे आहे असं बहुतेकांना वाटतं, तिथे ती नाही. लोकांना वाटतं की परिणाम इतका बारीक आहे, तर तेवढं संवेदनशील यंत्रच नसेल. तसं यंत्र आता आहे. अडचण ही आहे की हा परिणाम हलत नाही, बदलत नाही, एका जागी स्थिर बसून राहतो. बदलणारी बारीक गोष्ट पकडणं तुलनेने सोपं असतं. स्थिर बारीक गोष्ट सिद्ध करायची तर आपल्या यंत्राबद्दल सगळं काही माहीत असावं लागतं.

आधी यंत्र समजून घेऊ. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाजात एक संथ लाट ऐकू येते. तारा जितक्या जवळ येतील तितकी लाट मंदावते आणि पूर्ण जुळल्या की थांबते. रिंग लेसर म्हणजे प्रकाशाची अशीच जोड. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार आरसे, एका बाजूवर काचेची बारीक नळी, तिच्यात हेलियम-निऑनचा गुलाबी-नारिंगी उजेड. लेसरचा प्रकाश या चौकोनात दोन्ही दिशांनी फिरतो. चौकोन स्थिर असेल तर दोन्ही प्रकाशांचा सूर एकच. चौकोन फिरत असेल, तर एका दिशेच्या प्रकाशाला फेरा पुरा करायला किंचित जास्त अंतर पडतं, दुसऱ्याला किंचित कमी, आणि दोघांचे सूर वेगळे होतात. लाल प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी असतात. दोन सुरांतला फरक मात्र सेकंदाला काहीशे लाटांचा, म्हणजे ठोक्यांचा, असतो, आणि तो साध्या फोटोडायोडवर, प्रकाशाचा विद्युत-सिग्नल करणाऱ्या तुकड्यावर, दिसतो.

हा परिणाम फ्रेंच शास्त्रज्ञ सान्याक यांनी १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर दाखवला. १९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी अमेरिकेत इलिनॉयमध्ये सुमारे ६१२ मीटर लांब आणि ३३९ मीटर रुंद असा नळांचा आयत जमिनीवर घातला, त्यातली हवा काढून टाकली आणि पृथ्वीचं परिवलन प्रकाशाने मोजलं. आज तेच काम चार मीटरचा चौकोन करतो, आणि अतोनात अचूकतेने. जर्मनीतल्या वेट्झेलच्या 'जी' या रिंग लेसरमध्ये, चार मीटर बाजूच्या चौकोनात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला साधारण ३४८.५ ठोके पडतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. पृथ्वी फिरते हे रिंग लेसरने मोजलं म्हणजे व्यापक सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्व-सिद्धांत, तपासली असं होत नाही. त्या ३४८ ठोक्यांसाठी त्या सिद्धांताची गरजच नाही. त्याचा वाटा त्या ठोक्यांत कुठेतरी खोल दडलेला आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. पृथ्वीच्या वस्तुमानाने अवकाश-काळ वाकतो, त्या वाकलेल्या जागेतून आपण रोज गोल फिरतो, म्हणून दिशांत पडणारा फरक हा पहिला. डी सिटर यांनी १९१६ मध्ये दाखवलेल्या परिणामाचा हा भाऊ. पृथ्वी स्वतः फिरते म्हणून अवकाश-काळ तिच्याबरोबर किंचित ओढला जातो, हा दुसरा. तो लेन्स आणि थिरिंग यांनी १९१८ मध्ये गणिताने काढला. पहिला वाटा पृथ्वीच्या परिवलनाच्या साधारण अब्जाव्या भागाएवढा असतो. दुसरा त्याच्याही सात-आठ पटींनी लहान.

हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही. चार मीटरचा रिंग लेसर पुण्यात, पृथ्वीच्या अक्षाकडे तोंड करून ठेवला, तर त्यात सेकंदाला सुमारे ४६१ ठोके पडतील. दिवसरात्र मोजत बसलात, तर नव्वद कोटी ठोके व्हायला साधारण २३ दिवस लागतील. व्यापक सापेक्षता खरी असेल तर त्या नव्वद कोटींत एकाच ठोक्याचा फरक पडेल. नुसता लेन्स-थिरिंगचा एक ठोका हवा असेल तर पाच महिने थांबावं लागेल.

एक ठोका मोजणं अवघड नाही. चांगले आरसे दहा लाखांत चार-पाच भाग प्रकाश गमावतात. चार आरसे धरून एका फेऱ्यात दहा लाखांत वीस भाग. म्हणजे प्रकाश विझायच्या आधी साधारण ५०,००० फेरे घेतो. सोळा मीटरच्या परिघात हे ८०० किलोमीटर झाले, पुण्याहून निघून नागपूरच्या पुढे. इतका वेळ टिकणारा प्रकाश असला की सूर अतिशय शुद्ध असतो आणि ठोके नेमके मोजता येतात. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, महामार्गाच्या बोगद्यालगतच्या प्रयोगशाळेत जिंजरिनो नावाचा ३.६ मीटर बाजूचा रिंग लेसर आहे. २०२४ मध्ये त्या गटाने जाहीर केलं की दोन-अडीच दिवसांची सरासरी घेतली तर यंत्राचा गोंगाट सेकंदाला रेडियनच्या (रेडियन हे कोनाचं एकक) १,००० लाख कोटींतल्या २ भागांपर्यंत खाली येतो. लेन्स-थिरिंगचा परिणाम याच्या काही पट मोठा आहे. कान तेवढे तीक्ष्ण झालेले आहेत.

मग अडलं कुठे? ते सांगायला मला आमच्या स्वतःच्या छोट्या रिंग लेसरकडे यावं लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी शहराच्या मध्यवस्तीतल्या एका इमारतीच्या तळघरात एक मीटर बाजूचा चौकोन जुळवला होता. ग्रॅनाइटच्या जाड पाटावर चार कोपऱ्यांत आरसे बसवले. आरसा साफ करताना लेन्स टिशू मिथेनॉलमध्ये भिजवायचा आणि आरशावरून एकदाच, एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढायचा. दुसऱ्यांदा तोच टिशू फिरवला की आरसा गेला. पाट आडवा होता, कारण आडवा ठेवणं सोपं. सगळं जुळल्यावर नळीतून उजेड आला, दोन्ही किरण फोटोडायोडवर एकत्र आणले, आणि ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ. तासन् तास सरळ रेघ. पृथ्वी जणू फिरतच नव्हती.

कारण पुण्याचा अक्षांश. आपण साडेअठरा अंशांवर आहोत. आडव्या चौकोनाला पृथ्वीच्या परिवलनाचा फक्त उभा घटक दिसतो आणि तो पुण्यात जेमतेम ३२ टक्के असतो. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतला फुको लंबक पाहिला असेल, तर त्याचंही हेच गणित: ध्रुवावर एका दिवसात फिरणारं त्याच्या झोक्याचं प्रतल पुण्यात पुरा फेरा घ्यायला ७५ तास लावतं. आमच्या आडव्या चौकोनात सेकंदाला ३६.६ ठोके पडायला हवे होते. पण आमचे आरसे पहिल्या प्रतीचे नव्हते. आरशावरून थोडा प्रकाश उलट्या दिशेने विखुरतो, आणि एका दिशेचा सूर दुसऱ्याला आपल्याकडे खेचतो. फरक फार कमी असला तर दोन्ही सूर एकमेकांना चिकटतात आणि ठोके बंद पडतात.

शेवटी पाट उचलून उत्तरेच्या भिंतीला उभा केला. चौघं आणि दोन हमाल लागले. आता चौकोनाचं तोंड क्षितिजावर, थेट उत्तरेकडे. पुन्हा सगळे आरसे जुळवले, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला पडद्यावर एकदम साइन लाट उभी राहिली. १०९ हर्ट्झ. आमच्यातल्या एकाने फोटोडायोडचा सिग्नल स्पीकरला जोडला. खोलीत तंबोऱ्याच्या खर्जासारखा सूर घुमायला लागला, पांढरी सहाच्या अगदी किंचित खाली. पृथ्वी फिरते, हे मी शाळेपासून ऐकत आलो होतो. त्या रात्री ते पहिल्यांदा कानाने ऐकलं. नंतर पाटाचं तोंड १८.५ अंशांनी वर उचलून ध्रुवाकडे केलं, तेव्हा सूर ११५ वर, जवळजवळ काळी पाचवर गेला.

पाटाशेजारी आम्ही कल मोजणारं एक यंत्रही ठेवलं होतं. त्याच्या आलेखात रोज सकाळी सहानंतर एक पायरी दिसायची. आठवडाभर आम्ही इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष शोधत होतो. मग कळलं की सहाला महापालिकेचं पाणी येतं, इमारतीखालची टाकी भरायला लागते, आणि त्या पाण्याच्या वजनाने तळघराची फरशी वाकते. दुपारी टाकी रिकामी होत गेली की फरशी हळूहळू परत यायची.

हीच खरी अडचण. पुण्यात आडव्या ठेवलेल्या चौकोनाचा उत्तर-दक्षिण कल एक नॅनोरेडियनने बदलला, म्हणजे पुण्यापासून दिल्लीपर्यंत दांडी टाकून दिल्लीचं टोक जेमतेम एक मिलिमीटर उचललं इतका, तरी ठोक्यांत पडणारा फरक व्यापक सापेक्षतेच्या परिणामाच्या काही पट असतो. पाण्याची टाकी जाऊ दे, चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन रोज याच्या अनेक पटींनी कलते. पावसाने माती फुगते. हे सगळं वजा करायचं आणि खाली उरलेला स्थिर आकडा आइन्स्टाइनच्या नावावर टाकायचा, हे मला स्वतःला कधीच पटलं नसतं.

पण यातून वाट आहे, आणि मला या सगळ्या विषयात ती सर्वांत सुंदर वाटते. पर्वतीच्या पायऱ्यांवर एक पाऊल इकडे-तिकडे पडलं तर आपण वर जातो किंवा खाली येतो. माथ्यावर पोचल्यावर एक पाऊल सरकलं तर उंचीत जवळजवळ फरक पडत नाही. आडवा चौकोन पायऱ्यांवर उभा आहे. तोंड नेमकं ध्रुवाकडे असलेला चौकोन माथ्यावर उभा आहे, कारण तिथे ठोके सर्वांत जास्त असतात. (ध्रुवतारा नव्हे, नेमका ध्रुव. ताऱ्यात आणि ध्रुवात अर्ध्या अंशाहून थोडं जास्त अंतर आहे.) अशा चौकोनात कलाची चूक स्वतःच्या वर्गाने येते. १०० कोटींतल्या ०.१ भागापर्यंत जायचं असेल तर कल सुमारे १४ मायक्रोरेडियनच्या आत राखला की पुरे. एक मीटरच्या फळीचं टोक १४ मायक्रॉनने, केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाने, वर-खाली झालं तरी चालेल. भोसरीतला चांगला टूलरूमवाला हे करून देईल. जिथे दिल्लीचं टोक एक मिलिमीटर हलू द्यायचं नव्हतं, तिथे आता हे.

चौकोनाच्या आकारालाही हीच युक्ती लागू पडते. परीघ ठरलेला असेल तर सर्वांत जास्त क्षेत्रफळ चौरसाचं असतं, म्हणजे चौरसही माथ्यावर आहे. दोन्ही कर्ण मोजून सारखे राखले की कोपरे थोडे सरकले तरी चूक वर्गाने येते. मग उरतो फक्त परीघ, आणि तो मात्र पायऱ्यांवर आहे. चार मीटरच्या बाजूत ०.४ नॅनोमीटर, दोन-तीन अणूंच्या जाडीइतकी सूट मिळते, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून 'जी' रिंग झेरोडूर या जवळजवळ न प्रसरणाऱ्या काच-सिरॅमिकची केली, आणि म्हणूनच परीघ एखाद्या पक्क्या संदर्भ-लेसरला बांधून ठेवावा लागतो. उलट विखुरणाऱ्या प्रकाशाचं आणि नळीतल्या वायूच्या वागण्याचं काय करायचं, हे मी इथे सोडून देतो. ते गणिताने सोडवायचं काम आहे आणि माझ्या मते पुढची लढाई तिथेच होईल.

आता समजा, हे सगळं साधलं आणि हातात ठोक्यांचा एक शुद्ध आकडा आला. त्याची तुलना कशाशी करायची? पृथ्वीचा वेग स्वतःच स्थिर नाही. वारे, समुद्रप्रवाह आणि भरती-ओहोटीमुळे दिवसाची लांबी एखाद्या मिलिसेकंदाने कमी-जास्त होते, आणि तो फरक व्यापक सापेक्षतेच्या परिणामाच्या दहापट असतो. हे वजा करायला जगभरच्या रेडिओ दुर्बिणी रात्रंदिवस क्वेसारांवर, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांवर, नजर ठेवून पृथ्वीचं परिवलन मोजत असतात. प्रयोगाचा गाभा इथेच आहे. क्वेसार सांगतात की दूरच्या विश्वाच्या तुलनेत पृथ्वी किती फिरली. रिंग लेसर सांगतो की इथल्या, या खोलीतल्या अवकाश-काळाच्या तुलनेत किती फिरली. न्यूटनच्या जगात दोन्ही आकडे एकच असायला हवेत. आइन्स्टाइनच्या जगात ते एक नाहीत. त्यांच्यातला फरक, तोच आपला जास्तीचा ठोका.

उपग्रहाने हे झालंच आहे, मग पुन्हा कशाला, असंही त्या मुलीने विचारलं होतं. ग्रॅव्हिटी प्रोब बी २० एप्रिल २००४ रोजी उडाला. त्यात पिंगपाँगच्या चेंडूएवढे, क्वार्ट्झचे अत्यंत गोल चार चेंडू द्रवरूप हेलियमच्या थंडीत फिरत होते. त्या चेंडूंवर आणि त्यांच्या आवरणांवर विद्युतभाराचे सूक्ष्म डाग निघाले. ते आधी कुणी धरले नव्हते, आणि त्यांचा परिणाम निस्तरण्यात वर्षं गेली. २०११ मध्ये निकाल आला: वक्रतेचा परिणाम पाव टक्क्याच्या आसपास, ओढीचा मात्र १९ टक्क्यांच्या अनिश्चिततेने. लेजिऑस आणि लेरेस या उपग्रहांच्या कक्षांवरून ओढीचं मापन आणखी बारीक झालं आहे, पण त्यात पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्राचं प्रतिरूप आधी गृहीत धरावं लागतं. उपग्रह एकदा वर गेला की त्याला हात लावता येत नाही. रिंग लेसर तुमच्यासमोर असतो. शंका आली तर आरसा बदला, चौकोन उलटा करा, दहा वर्षं मोजत राहा. मापन करणाऱ्याला ही सोय फार मोठी असते.

आता पुण्याचं. शहरात हा प्रयोग होणार नाही. बस, बोअरवेलचे पंप, मेट्रोची कामं आणि आमच्यासारखी पाण्याची टाकी. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी काही सेकंदांची कंपनं इथपर्यंत येतात. सह्याद्रीत खोल बोगद्यात गेलं तर तापमान आणि कंपनं दोन्ही शांत होतात. बेसाल्ट घट्ट आहे, पण कोयनेचा भाग मी टाळेन. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथली जमीन आजही अधूनमधून हलते. भूकंपशास्त्रासाठी मात्र कोयनेजवळ एक रिंग लेसर हवाच, कारण साधा भूकंपमापक जमीन किती सरकली ते सांगतो, किती वळली ते वेगळं करून सांगत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हा गुरुत्वलहरी पकडणारा प्रकल्प उभा राहतो आहे आणि आयुका त्या कामात पुढे आहे, म्हणून काही जण म्हणतात की तिथेच शेजारी रिंग लेसरही ठेवा. आरसे, निर्वात नळ्या, कंपनांपासून बचाव, हे ज्ञान दोन्हीकडे सारखंच लागतं, हे खरं. पण लायगोला सेकंदाच्या अंशात येऊन जाणारी थरथर पकडायची असते. संथ सरकणारं सगळं त्याला गाळून टाकता येतं. आपल्याला नेमकं तेच गाळता येत नाही.

तरी आपल्या अक्षांशाची एक बाजू मला मोहात पाडते. पृथ्वीच्या अक्षाच्या दिशेत लेन्स-थिरिंगचा घटक सगळीकडे सारखा नसतो. साधारण ३५ अंश अक्षांशावर तो शून्य होतो. त्याच्या उत्तरेला एका चिन्हाचा, दक्षिणेला उलट्या चिन्हाचा. ग्रान सास्सो ४२ अंशांवर, शून्याच्या पलीकडे. पुणे अलीकडे, आणि इथला घटक तिथल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट, उलट्या चिन्हाचा. एकाच सिद्धांताने एकीकडे ठोके वाढायला हवेत आणि दुसरीकडे कमी व्हायला हवेत. दोन्ही ठिकाणी तसं दिसलं, तर परिणाम यंत्रातून आला असेल अशी शंका घ्यायला फार कमी जागा उरते. म्हणून कमी अक्षांशावर, खोल खडकात, ध्रुवाकडे तोंड केलेला एक चौकोन असावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो महाराष्ट्रात असायला काहीच हरकत नाही.

तोपर्यंत, बाई, तुझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एक मीटरचा चौकोन पुरे. आडवा ठेवण्यात वेळ घालवू नकोस, पहिल्या दिवसापासून उत्तरेच्या भिंतीवर उभा कर. निऑनचे दोन समस्थानिक, २० आणि २२, निम्मे-निम्मे घे. एकाच समस्थानिकाचा वायू भरलास तर दोन्ही दिशांचे किरण त्याच अणूंसाठी भांडतात आणि एक किरण दुसऱ्याला विझवतो. बहुतेक पैसे आरशांवर घाल. कल मोजायचं यंत्र नंतर घेऊ म्हणू नकोस, पहिल्या दिवसापासून शेजारी असू दे. आणि त्या इमारतीत पाणी किती वाजता येतं, ते वॉचमनला आधी विचार.